साइट सांभाळून मिळेल

नलूताईंकडे दोन आवाज होते, एक फोनवरचा आणि एक फोन ठेवल्यानंतरचा. फोनवर त्या बोलायला लागल्या की वाटावं, रेडिओवर कोणी बाई बातम्या द्यायला बसलीय. "नमस्कार, बोला. आपलं शुभनाव कळेल का?" एकेक अक्षर धुऊन वाळत घातलेलं. आणि फोन ठेवला रे ठेवला की, "मेल्याला अक्कल हाय का? पासवर्ड कागदावर लिवून कॉम्प्युटरला चिकटवलाय म्हनतो!" हा दुसरा आवाज बोईसरजवळच्या, समुद्रकाठच्या नवापूरचा. तिथे त्यांच्या वडलांची होडी होती, आणि ज्याला आपलं म्हणणं शेजारच्या होडीपर्यंत पोचवायचंय त्याचं हळू बोलून भागत नाही. पहिला आवाज नोकरीने दिलेला. विसाव्या वर्षी त्या पालघरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागल्या. गावोगावचे ट्रंक कॉल जोडून द्यायचे, हे काम. पुढे ट्रंक कॉल गेले, बोर्ड गेले, कॉम्प्युटर आले. बाकीच्या बायका कॉम्प्युटरला हात लावायला घाबरत होत्या तेव्हा नलूताई जेवणाच्या सुट्टीत त्याच्यासमोर डबा उघडून बसायच्या.

त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. हे लिहिताना त्यांचा चेहरा आधी आठवत नाही, आवाज आठवतो, आणि मग हळूहळू ती बोईसरची खोली उजळायला लागते. तिथे नेहमी दुपारच असायची. म्हणजे सकाळही होत असणारच, घड्याळ काही बंद नव्हतं. पण माझ्या आठवणीत तिथे कायम तीन वाजलेले आहेत, पंखा संथ फिरतोय, खालच्या झेरॉक्सच्या दुकानातला कागदांचा गरम वास जिन्याने वर येतोय, आणि नलूताई हनुवटीखाली हात घेऊन डोळे मिटून बसल्यात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, बाई पेंगतेय. तो पाय न वाजवता परत फिरायला लागला की डोळे न उघडताच हुकूम यायचा, "बसा. चपला बाहेर."

स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर स्टेशनपासून पाच मिनिटांवर त्यांनी ही खोली घेतली आणि बाहेर पाटी लावली: साइट सांभाळून मिळेल. 'बनवून' नव्हे. बनवणारे बोईसरात पैशाला पासरी आहेत, सांभाळणारं कोणी नाही, हे त्यांचं म्हणणं. कारखान्यांची वस्ती ही, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात एक बिहारी मजूर वर आला. "मैडम, किधर का साइट है? वाचमन चाहिए क्या?" नलूताईंनी त्याला पाणी दिलं, बसवलं आणि सांगितलं, "वाचमन तो मैं ही हूँ, भैया." तो बराच वेळ त्यांच्याकडे आणि त्यांच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे बघत राहिला म्हणे.

मी पालघरच्या एका शाळेत मराठी शिकवतो, राहतो जवळच्याच माहीमला. मला एक खोड आहे. छोटा रेकॉर्डर खिशात टाकायचा आणि म्हाताऱ्यांना बोलतं करायचं. बंदरावरच्या बायका, वाडीतले पानवेलीवाले, डोंगरावरच्या पाड्यांतली माणसं. बायको म्हणते, स्वतःच्या घरात कोणी बोललेलं याला ऐकू येत नाही, आणि निघाला गावाचं ऐकायला. असो. माझ्या एका विद्यार्थ्याने या सगळ्या आवाजांची एक साइट करून दिली, नाव ठेवलं 'बोलीवाडी', आणि नोकरीला बंगळुरूला निघून गेला. साइट पडली माझ्या गळ्यात. मला तर धड मेल पाठवता येत नव्हता. कोणीतरी म्हणालं, बोईसरला नलूताई आहेत, त्यांच्या पदरात टाक.

मी गेलो. चपला बाहेर काढल्या. वाटलं, आता विचारतील, जागा किती लागते, लोक किती येतात. त्यांनी विचारलं, "मास्तर, ह्यातलं काय गेलं तर तुमी दोन दिवस जेवनार नाय?"

"सगळंच महत्त्वाचं आहे हो," मी शिक्षकी थाटात म्हणालो.

"सगळं म्हनजे कायच नाय. एक सांगा."

मग मी रावजींचं सांगितलं. मनोर गावाच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर रावजी नावाचे म्हातारे होते. पावसावरचं एवढंसं शेत, त्यात भात आणि नागली. त्यांनी मला एका बैठकीत रानातल्या कंदांची नावं सांगितली होती: कुठला कुठे सापडतो, कुठला कसा उकडायचा, कुठला चुकून खाल्ला तर घसा धरतो. पंचवीस मिनिटं. त्याच वर्षी ते गेले. घरात त्यांचा एक फोटो नाही. मुलगी जानकी, ती दिवाळीनंतर घरच्यांबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर जाते. तिथे संध्याकाळी भाकऱ्या थापताना ती मोबाइलवर माझी साइट उघडते आणि मुलांना आजोबा ऐकवते. तिच्यापाशी बापाचं उरलंय ते एवढंच.

नलूताईंनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मग वहीत एकच शब्द लिहिला: रावजी. "ठीक हाय. आता मला कळलं मी काय राखायचं ते."

प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या हा प्रश्न विचारायच्या आणि उत्तर वहीत लिहून ठेवायच्या. वहीत साइटची नावं नव्हतीच. 'पाटील बाईंच्या आईची लोणच्याची कृती', 'दवाखान्याचे वार', 'रावजी', अशी यादी होती.

साइट ठेवायची कुठे, म्हणजे कोणत्या कंपनीच्या मशिनवर, हे ठरवायची त्यांची पद्धत मी स्वतः पाहिलीय. जाहिराती त्या वाचायच्याच नाहीत. रविवारी दुपारी दोन वाजता, जगातला प्रत्येक शहाणा माणूस जेवून आडवा झालेला असताना, त्या कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावायच्या. पहिला आवाज. "नमस्कार. एका मशिनवर आपण किती जणांच्या साइट ठेवता? शेजारच्या बिऱ्हाडात चोर शिरला तर मधली भिंत पक्की आहे ना? रोजची नक्कल काढता? छान. ती त्याच मशिनवर ठेवता की दुसऱ्या गावी? आणि एक शेवटचं, ती नक्कल परत उभी करून आपण कधी पाहिली होती?" या शेवटच्या प्रश्नाला पलीकडे शांतता पसरायची. नलूताई ती शांतता कान लावून ऐकायच्या. कधी फोन ठेवून म्हणायच्या, "खोटारडा. बोलायच्या आधी आवंढा गिळला त्याने." कधी म्हणायच्या, "हा बरा. म्हनाला, मला माहीत नाय, विचारून सांगतो. आनि सांगितलंन!" अशी एक कंपनी त्यांना सहा-सात रविवारांनंतर मिळायची.

"पण ताई, ते दुसरे तर अनलिमिटेड देतायत," मी एकदा म्हणालो.

"अनलिमिटेड?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मास्तर, समुद्र सोडला तर अनलिमिटेड असं मी कायच बघितलं नाय. आनि त्याला पन ओहोटी लागते."

केळव्याची गंमत सांगायलाच हवी. तिथे नारळी-सुपारीच्या वाड्यांतून घरगुती राहण्या-जेवण्याची सोय करणारी बरीच कुटुंबं आहेत. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं येतात. प्रत्येकाची साइट. एका आठवड्यात त्यातल्या सात-आठ साइट एकदम बिघडल्या. उघडावं तर उकडीच्या मोदकांच्या फोटोऐवजी परदेशी बुटांच्या जाहिराती! लोक हवालदिल. नलूताईंना रिक्षाने नेलं, एका वाडीत खुर्च्या मांडल्या. नलूताईंनी एकेकाला बाजूला बोलावलं आणि पासवर्ड कानात सांगायला लावला. पहिल्याने सांगितला. दुसऱ्याने सांगितला. तिसऱ्याला त्यांनी थांबवलंच. "देवीचं नाव आनि पुढे एक दोन तीन, बरोबर?" तो चपापला. अख्ख्या आळीचा पासवर्ड एकच, गावदेवीचं नाव. कोणी कोणाचा चोरला नव्हता. प्रत्येकाला आपापल्या घरी एकच सुचलं होतं, की दाराला देवीचं नाव असलं म्हणजे काळजी नको.

एक वयस्क काका रागावले. "म्हणजे देवीवर भरवसा नको ठेवायला?"

"ठेवा की! मी पन ठेवते." नलूताईंनी हात जोडले. "नाव दारावर लिवा, देव्हाऱ्यात लिवा. किल्लीवर नको. ती भोळी हाय, जो नाव घेईल त्याला पावते. चोराला पन पावली ना?"

खुर्च्यांवर हशा पिकला, काकाही हसले. मग नलूताईंनी सगळ्यांना शिकवलं: ज्यांची एकमेकांशी कधी गाठ पडत नाही असे चार शब्द निवडा, वाडीतला एक, स्वयंपाकघरातला एक, आणखी कुठले दोन, आणि त्यांची माळ करा. प्रत्येक दाराची माळ वेगळी. काकांना ते इतकं पटलं की त्यांनी उभं राहून आपला नवा पासवर्ड मोठ्याने सगळ्यांना वाचून दाखवला. नलूताईंनी कपाळावर हात मारून घेतला. "बसा काका, आता दुसरा करा!"

चोरांशी मात्र त्या फार मायेने वागायच्या. एकदा माझ्यासमोरच फोन वाजला. पलीकडचा माणूस हिंदीत म्हणाला, मी तुमच्या होस्टिंग कंपनीतून बोलतोय, तुमची साइट अर्ध्या तासात बंद पडणार, आत्ता मोबाइलवर आलेला नंबर सांगा. नलूताईंनी रेडिओचा आवाज काढला. "अच्छा? बहुत चिंता की बात है. आपने खाना खाया?" तो गडबडला. मग त्यांनी त्याला हवापाणी विचारलं, गाव विचारलं, आई कुठे असते विचारलं. पंधरा मिनिटांनी त्यानेच फोन ठेवला. "खऱ्या कामाच्या मानसाला घाई नसते मास्तर," त्या म्हणाल्या. "घाई करतो तो चोर, नायतर नवरदेव." त्यांचं लग्न झालं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही विषय काढला नाही.

डोळे मिटून बसायचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. ट्रंक कॉलच्या दिवसांत लाइन जोडायच्या आधी कान लावायचा नियम होता. पलीकडे जिवंत माणूस आहे का, आवाज पोचतोय का, हे ऐकल्याशिवाय इकडच्याला 'बोला' म्हणायचं नाही. ऐकता ऐकता त्यांना तारेतला आवाज कळायला लागला. दुपारी, कोणी बोलत नसताना, तार स्वतःशीच गुणगुणते म्हणायच्या. डहाणूची तार वेगळी, वसईची वेगळी. आता तारा नाहीत, पण कॉम्प्युटरवर साइटच्या येण्याजाण्याची नोंद सरकत असते: कोण आलं, कुठून आलं, कुठलं दार ढकललं. त्या ती मशिनकडून हळू आवाजात वाचून घ्यायच्या आणि डोळे मिटून ऐकत राहायच्या. मी समोर वह्या तपासत बसायचो. तासन् तास असे गेलेत आमचे. कधी मध्येच त्या म्हणायच्या, "कोनीतरी दार चाचपतोय," आणि शांतपणे एक कडी लावायच्या. कधी म्हणायच्या, "तुमची जानकी आली हो," आणि हसायच्या. भिवंडीकडून कोणीतरी रावजी उघडलेला असायचा. मलाही मग पेंग यायची. त्या खोलीत मला जेवढं स्वस्थ वाटलं तेवढं माझ्या घरातही कधी वाटलेलं नाही, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आणि हे सगळं सोडून मी काय केलं? गाढवपणा! दुसरा शब्द नाही. एका शिबिरात मला एक टायवाला भेटला. पाव किमतीत होस्टिंग, सगळं अनलिमिटेड, वर आवाज वाजवायची एक झकपक जोडणी फुकट. मी भुललो. नलूताईंना सांगताना जीभ अडखळली, पण सांगितलं. गिऱ्हाईक सोडून गेलं की त्यांचा एक रिवाज होता. त्याच्या साइटची पूर्ण नक्कल पेनड्राइव्हवर घालून, पाकिटात, नाव लिहून त्याच्या हाती द्यायची आणि आपल्याकडची पुसून टाकायची. "दुसऱ्याच्या घराची किल्ली आपल्या कनवटीला ठेवू नये." मला पाकीट दिलं. मी ते घरी ठेवलं आणि दोन महिन्यांनी, पुतणीच्या लग्नाचे फोटो भरायला पेनड्राइव्ह हवा होता म्हणून, हो, तोच कोरा करून वापरला.

फेब्रुवारीत जानकीचा फोन आला. मागे भट्टीवरची गलबल. "मास्तर," ती म्हणाली, "बा लागत नाय."

मी साइट उघडली. बोलीवाडीच्या जागी पत्ते, नाणी आणि जुगाराची चकचकीत चक्रं फिरत होती. फुकटच्या त्या जोडणीतूनच चोर आत आला होता. आवाजांची सगळी कपाटं रिकामी. टायवाल्याच्या कंपनीला फोन केला. पाऊण तास गाणं ऐकवून उत्तर मिळालं, नक्कल ठेवणं ही ग्राहकाची जबाबदारी. माझा जुना रेकॉर्डर आणि त्यातली कार्डं खाऱ्या हवेने कधीच खाल्लेली. मी दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी बोईसरचा जिना चढलो. चपला बाहेर काढल्या आणि दारातच उभा राहिलो.

"या मास्तर," नलूताई म्हणाल्या. बऱ्याच वाळल्या होत्या, धाप लागत होती. मी सांगितलं. पेनड्राइव्हचंही सांगितलं. मला वाटलं, आता नवापूरचा आवाज कडाडणार, आणि खरं तर मला तो हवा होता. पण त्या हळूच म्हणाल्या, "माझ्याकडचं मी पुसलं. रिवाज हाय."

मी मान खाली घातली. वही उघडल्याचा आवाज आला. पान उलटलं.

"इकडचं पुसलं," त्या म्हणाल्या. "सगळ्याची एक नक्कल नवापूरला भावाकडे असते. ती पन पुसायला हवी होती. पन पावसाळ्यापासून माझं जानंच झालं नाय. ह्या गुडघ्यांनी आनि ह्या धापेने. रिक्षा बघा."

ती दुपार मला अजून स्वप्नात दिसते. कारखान्यांच्या रांगा, तो नाकात जाणारा उग्र वास, आणि मग एका वळणानंतर अचानक वारा बदलला, खारा झाला. घराघरांसमोर काठ्यांवर बोंबील वाळत होते. दर्या लांब मागे गेलेला, चिखलात होड्या कुशीवर आडव्या. नलूताई रिक्षात डोळे मिटून बसल्या होत्या, पण ओठ हलत होते. घरी भावजयीने दार उघडलं. नलूताई थेट स्वयंपाकघरात गेल्या, तांदळाचा मोठा डबा ओढला, कोपरापर्यंत हात आत घातला आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली डिस्क वर काढली. दमट हवेला तांदूळ बरा, हे त्यांचं साधं शास्त्र. भावजय म्हणाली, "गेल्या म्हयन्यात डबा रिकामा क्येला व्हता, ता काढून परत ठेवलाय मी." नलूताईंनी तिच्या हनुवटीला हात लावून बोटं ओठांना टेकवली.

पुढचे पाच दिवस त्या खोलीत मी शाळा सुटली की जाऊन बसायचो. त्यांनी आधी साइटसाठी नवं घर घेतलं, रविवारच्या परीक्षेत पास झालेलं. किल्ल्या सगळ्या नव्या. मग जुन्या नकलेतली एकेक फाइल तपासून आत सोडली. मशिनने तपासलं तरी त्यांचं समाधान नव्हतं. एकशे बारा आवाज त्यांनी कानाला लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले. मी म्हणालो, अहो, सुरुवात ऐकली तरी पुरे. "आनि मधेच तुटला असेल तर? ज्याचा मानूस हाय तो काय सुरुवातच ऐकनार?" असं म्हणून पुन्हा डोळे मिटले.

रावजींची फाइल पाचव्या दिवशी, सगळ्यांच्या शेवटी आली. वाजायला लागली, दुसऱ्या कंदाचं नाव अर्ध्यात असताना खरखरली आणि थांबली. पुन्हा लावली. पुन्हा तिथेच. डिस्कचा नेमका तेवढा तुकडा खराब झाला होता. एकशे अकरा आवाज सुखरूप होते आणि जो हवा तोच नव्हता. मी भिंतीला टेकलो. डोळ्यांत पाणी आलं, लपवलंही नाही.

नलूताई शोधत राहिल्या. अंधार पडायच्या बेताला त्यांना खाली कुठेतरी एक कप्पा सापडला. बंगळुरूला गेलेल्या माझ्या विद्यार्थ्याने त्यात मी आणलेली रेकॉर्डिंग्ज, काहीही न कापता, जशीच्या तशी ठेवून दिली होती. मला ठाऊकही नव्हतं. त्यांनी रावजी लावला, कानांवर हेडफोन चढवला आणि ऐकायला लागल्या. थोड्याच वेळात त्यांचे डोळे उघडले.

"मास्तर, साइटवर होता तो इथनं सुरू होत नव्हता. सुरुवातीचं तुमी कापलंत?"

"हो. काही नव्हतं हो त्यात. कोंबड्या, कुत्रं, घरातलं काहीबाही बोलणं. माझा विषय कंदांचा होता. ऐकणाऱ्याला त्रास नको म्हणून..."

"घरातलं काहीबाही," त्या म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी अशा नजरेने कधीच पाहिलं नव्हतं. जवळजवळ अर्धा तास त्या पूर्ण ऐकत बसल्या. शेवटी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. मी हात पुढे केला, तर त्यांनी दिला नाही. "तुमाला नाय. ही लाइन जिची हाय तिला आधी. बोलवा तिला. इथे, माझ्यासमोर. दोन्ही बाजूंना ऐकू जातं का बघितल्याशिवाय मी जोडनार नाय."

जानकी रविवारी आली. भट्टीवरून एसटीने, मग शेअर रिक्षाने. हातापायांवर विटांची लाली, केस घट्ट बांधलेले. खुर्चीवर बसेना, उंबऱ्याशीच टेकली. बसवलं बळेच. नलूताई त्या दिवशी उठून बसल्या होत्या एवढंच, बोलताना मध्ये थांबत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात हलवलं आणि त्यातून त्या परत आल्या नाहीत. मी त्यांना पाहिलं ते त्या रविवारी शेवटचं.

"मास्तर सांगला, बा सापडला," जानकी म्हणाली. "खरा काय?"

नलूताईंनी छोटे स्पीकर तिच्याकडे वळवले आणि फाइल सुरू केली.

कोंबड्या ऐकू आल्या. कुत्रं भुंकलं. वारा, आणि कुडाच्या घरातली भांड्यांची हालचाल. मग अगदी जवळून, अंगणातच कोणी उभं असावं तसे, रावजी: "जानके! ये जानके! मास्तर लांबून आलाय गं. पानी दे त्याला."

"आनते बा!" जानकी म्हणाली, आणि उठून उभी राहिली.

ती उभीच राहिली. आपण कुठे आहोत हे तिला कळेना. इकडे तिकडे बघत होती, हात अर्धवट पुढे आलेला. स्पीकरमधून तेव्हाची जानकीही लांबून "आनते" म्हणाली, रावजी हसले, आणि कंदांची नावं सुरू झाली. नलूताई टेबलाला धरून उठल्या. धाप लागली, तरी उठल्या. खिडकीतला तांब्या-पेला उचलला, पेला भरला, आणि जानकीच्या त्या पुढे आलेल्या हातात दिला.

जानकीने तो माझ्यासमोर धरला. मी दोन्ही हातांनी घेतला आणि सगळा प्यालो. नलूताई खुर्चीत मागे टेकून, डोळे मिटून ऐकत होत्या.